नक्कल पद्धतीची आणि नक्कल नावाची

रावेर, यावल, सावदा या पट्ट्यात आज उभ्या असलेल्या केळीच्या बहुतेक बागा म्हणजे नकला आहेत. हा टोमणा नाही, शब्दशः तसंच आहे. ग्रँड नैन, आपल्याकडे सगळे ज्याला जी-९ म्हणतात ते वाण, टिश्यू कल्चरने वाढवलं जातं. चांगला घड देणारं निरोगी झाड निवडायचं, त्याच्या पिलाच्या कोंबाचा टोकाकडचा बारीक तुकडा घ्यायचा, निर्जंतुक बरणीत पोषक द्रव्यावर तो वाढवायचा, दोनाचे चार आणि चाराचे आठ कोंब करत जायचं. मुळं फुटली की रोपं शेडनेटखाली पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेला सरावाची करायची आणि मग शेतकऱ्याला द्यायची. यात बी नाही, परागीभवन नाही. आईत जे असेल तेच लेकरात उतरतं.

त्याआधी कंद लावायचे. शेजाऱ्याच्या किंवा नातेवाइकाच्या बागेतून गाडीभर कंद आणायचे, बघून-निवडून लावायचे. तीही नक्कलच होती, फक्त कच्ची. कंदासोबत सोंडकिडा यायचा, मुळांवरचे सूत्रकृमी यायचे, एक झाड आज निसवलं, म्हणजे घड बाहेर पडला, तर दुसरं दोन महिन्यांनी, आणि घड कापायला दीड वर्ष लागायचं. टिश्यूची बाग साधारण अकरा-बारा महिन्यांत आणि बरीचशी एकदम कापणीला येते. व्यापाऱ्याला एका शेतातून ट्रक भरता येतो. जळगावची केळी बाजारात टिकून राहिली त्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे.

ही पद्धत आणि तिच्यासोबत ठिबक सिंचन इथे रुजवण्यात जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांचं नाव सगळ्यांत आधी घ्यावं लागतं. पण ठिबक सिंचन काही त्यांनी शोधलेलं नाही. इस्रायलमध्ये सिम्चा ब्लास यांनी ते तंत्र विकसित केलं आणि १९६५ साली हात्झेरीम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत, नेटाफिम ही कंपनी उभी राहिली. ते तंत्र इथे आणून दोन-चार एकरवाल्याला परवडेल, विजेच्या वेळा सांभाळून चालेल असं करणं हे वेगळं काम होतं आणि तेही तितकंच अस्सल होतं. मग ठिबकच्या मागोमाग दुसरे ठिबकवाले आले. पाइपांचे, चटईचे कारखाने जळगावच्या एमआयडीसीत एकाला लागून एक उभे राहिले. टिश्यूच्या प्रयोगशाळा निघाल्या. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. खान्देशात जे काही उभं राहिलं त्यातलं बरंचसं असंच उभं राहिलंय, म्हणून ‘नक्कल म्हणजे चोरी’ असं एका दमात म्हणायला माझी जीभ वळत नाही.

एखादी गोष्ट चालली की तिच्यामागे नक्कल करणाऱ्यांची रांग का लागते, हे समजून घ्यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पहिला माणूस दोन खर्च करतो. एक वस्तू बनवण्याचा आणि दुसरा चुकण्याचा. ठिबकची कुठली नळी आपल्या क्षाराच्या पाण्याने चोंदते, किती अंतरावर झाडं लावली की घड भरतो, गिऱ्हाईक किती पैसे द्यायला तयार आहे, हे त्याला पदरचे पैसे आणि वर्षं घालवून कळतं. दुसऱ्याला ते उत्तर बांधावरून दिसतं. चुकण्याचा खर्च त्याच्या वाट्याला येतच नाही, म्हणून तो स्वस्त विकू शकतो. त्यात मूळवाल्याने मागणी निर्माण केलेली असते, पण ती सगळी पुरवायला तो एकटा पुरत नाही. कुणाला माल वेळेवर मिळत नाही, कुणाला भाव परवडत नाही, कुणाच्या गावापर्यंत तो पोहोचतच नाही. नक्कल करणारा याच फटींतून आत येतो. आणि बहुतेक वेळा तो परका नसतो. मूळवाल्याकडे दहा वर्षं काम केलेला फिटर, त्याचा जुना डीलर, त्याला कच्चा माल पुरवणारा, हेच लोक उद्या स्वतःचं दुकान टाकतात. जळगावच्या सराफ बाजाराचंही तेच. शेजारी दुसरं दुकान आलं म्हणून पहिलं बुडलं नाही. उलट ‘सोनं घ्यायचं तर जळगावला’ ही ख्याती सगळ्या गल्लीची झाली आणि त्या नावावर बाहेरगावचं गिऱ्हाईक येऊ लागलं.

ही झाली पद्धतीची नक्कल. नक्कल करणारा इथे स्वतःच्या नावाने उभा असतो. त्याचा माल वाईट निघाला तर शिव्या त्यालाच बसतात. गिऱ्हाइकाला माहीत असतं की आपण कुणाकडून घेतोय.

दुसरी नक्कल नावाची. ती वेगळीच जात आहे, आणि माझं सगळं म्हणणं या फरकापाशी येऊन थांबतं.

परत केळीच्या रोपाकडे येऊ. पिशवीतलं पाच-सहा पानांचं टिश्यूचं रोप हातात घेतलं तर ते चांगल्या प्रयोगशाळेतलं आहे की नाही, हे अनुभवी माणसालाही बघून सांगता येत नाही. चांगली प्रयोगशाळा मातृझाडाची विषाणूंसाठी तपासणी करते, एकाच मूळ तुकड्यापासून ठरावीक फेऱ्यांपलीकडे रोपं काढत नाही. कारण फेऱ्या वाढल्या की वेडीवाकडी, घडच न धरणारी झाडं निघायला लागतात. या दोन्ही गोष्टींना पैसे लागतात आणि दोन्ही रोपावर दिसत नाहीत. ज्याने ही कामं टाळली त्याचं रोप स्वस्त, आणि दिसायला तितकंच हिरवं. मग जुलै-ऑगस्टमध्ये बागेत पानांवर फिकट पिवळसर पट्टे दिसतात, पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो. शेतकरी म्हणतो, हरण्या आला. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. तो माव्यामुळेही पसरतो, त्यामुळे प्रत्येक वेळी रोपाचाच दोष असतो असं नाही. पण मातृझाडच बाधित असेल तर त्याची एकूण एक नक्कल बाधित असते. औषध नाही. झाड उपटून गाडायचं, एवढंच. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यूच्या रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली ती यासाठीच. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या तपासलेल्या रोपांच्या लॉटला प्रमाणपत्र मिळतं. रोपं घेताना ते मागणारे शेतकरी वाढायला हवेत. विकणाऱ्याने तोंडी ‘सर्टिफाइड आहे दादा’ म्हणणं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

जी गोष्ट बघून कळत नाही तिच्या बाजाराचं काय होतं, हे जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन मांडलं. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा असा, की गिऱ्हाइकाला चांगलं आणि वाईट वेगळं ओळखता येत नसेल तर तो दोन्हींच्या मधला भाव द्यायला तयार होतो. त्या भावात वाईट माल विकणारा खूश असतो आणि चांगला माल विकणारा तोट्यात जातो. चांगला हळूहळू बाजार सोडतो. मग उरलेल्या मालाचा दर्जा आणखी खाली, गिऱ्हाइकाचा भाव आणखी खाली. नावाची नक्कल नेमकं हेच करते. ती एका कंपनीचं गिऱ्हाईक पळवते हा तिचा छोटा तोटा. मोठा तोटा हा, की नाव बघून विश्वास ठेवण्याची सोयच ती संपवते.

कपाशीत हे सगळं अधिक गुंतागुंतीचं झालं, आणि ती गोष्ट नीट सांगण्यासारखी आहे. १९७० साली सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हे संकरित वाण दिलं. व्यापारी तत्त्वावर पेरलं गेलेलं जगातलं ते पहिलं संकरित कापूस वाण. संकरित बियाण्याला निसर्गानेच कुलूप लावलेलं असतं. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून काढलेलं पहिल्या पिढीचं बी जोमदार येतं, पण त्याच शेतातली सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, जोम घटतो. म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. घरचं बी ठेवण्याची चाल कपाशीत मोडली ती इथून.

मग आलं बीटी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं की झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करतं. भारतात महिको-मोन्सॅन्टोच्या तीन वाणांना केंद्राच्या समितीने मार्च २००२ मध्ये परवानगी दिली. पण त्याच्या काही महिने आधी, २००१ च्या हंगामात, गुजरातमध्ये बोंडअळीने हाहाकार केला असताना काही शेतं हिरवीगार उभी होती. तपासलं तर तिथे ‘नवभारत १५१’ नावाचं वाण पेरलेलं होतं आणि त्यात तेच बीटी जनुक सापडलं. परवानगी नाही, चाचण्या नाहीत. म्हणजे अधिकृत माल दुकानात येण्याआधी नक्कल शेतात येऊन गाजलीसुद्धा. समितीने पीक नष्ट करायचा आदेश दिला, शेतकऱ्यांनी विरोध केला. कोणता शेतकरी वाचलेलं पीक जाळेल? त्यानंतर त्या वाणाचं, त्याच्या सरकीचं, त्यापासून पुढे काढलेल्या संकरांचं बी सुट्टं, पिशव्यांतून, नाव असलेलं-नसलेलं फिरू लागलं. तेव्हा अधिकृत ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १६०० रुपये पडत होते. इतक्या भावाने जी फट उघडली ती नकलेने भरली नसती तरच नवल. २००६ मध्ये सरकारांनी भाव ७५० च्या आसपास आणायला लावला तेव्हा त्या सुट्ट्या बियाण्याची ओढ आपोआप कमी झाली. नकलेशी लढायचा एक रस्ता धाडींचा असतो आणि एक भावाचा. दुसऱ्याची चर्चा फार कमी होते.

आता दर मे महिन्यात खान्देशात जे चालतं ते याच्या पुढचं आहे. बागायतदाराला पाणी असतं, त्याला मान्सूनपूर्व लागवड करायची घाई असते. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने सरकार बियाण्याची विक्री लांबवतं. आणि गुजरातची हद्द जवळ. या तीन गोष्टी जमल्या की बिनपावतीचं बियाणं येतं. त्यात तणनाशक सहन करणारं, देशात परवानगी नसलेलं एचटीबीटी असतं. ज्याला निंदणीला मजूर मिळत नाही त्याची ओढ मला समजते, ती मागणी खरी आहे. पण बिनपावतीच्या पाकिटात एचटीबीटीच आहे की साधी सरकी रंगवून भरलीय, हे सांगणारा कुणी नसतो. नामवंत वाणाच्या पाकिटासारखं पाकीट, रंग तोच, बोंडाचं चित्र तसंच, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. समोरासमोर ठेवलं तर फरक कळेल, पण दुकानात आपण आठवणीवर विसंबून घेतो. ट्रेडमार्कच्या खटल्यात न्यायालयही हीच कसोटी लावतं. दोन पाकिटं शेजारी ठेवून फरक शोधत नाहीत. सामान्य गिऱ्हाइकाच्या पुसट आठवणीत त्यांची गल्लत होईल का, हे बघतात. कपड्यात फसलो तर शर्ट जातो. बियाण्यात फसलो तर वर्ष जातं, आणि उगवण झाली नाही हे कळेपर्यंत मृग निघून गेलेलं असतं.

पद्धत आणि नाव हा जो फरक मी करतोय, तो आपल्या कायद्याने अगदी स्पष्ट केला आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. त्याच्या कलम ३९ प्रमाणे संरक्षित वाणाचंसुद्धा बी शेतकरी राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. बंदी फक्त एका गोष्टीला आहे. ते पाकिटात भरून, त्या संरक्षित वाणाचं लेबल लावून विकायचं नाही. म्हणजे बी वाटून घ्या, नाव चोरू नका. मला हे कलम आपल्या सगळ्या कायद्यांतलं सर्वांत शहाणं वाटतं. २०१९ मध्ये पेप्सिकोने बटाट्याच्या एका वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले तेव्हा देशभर ओरड झाली ती याच कलमाच्या आधारावर, आणि कंपनीने दावे मागे घेतले.

बाकीची कुलपं थोडक्यात. पेटंट २० वर्षांचं, तेही नव्या शोधाला. कॉपीराइट लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं, पण तो मांडणीवर असतो, कल्पनेवर नसतो. ट्रेडमार्क दर १० वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ ठेवता येतो. आणि एक कुलूप असं आहे ज्याची किल्ली एकट्या माणसाकडे नसतेच, ती मुलखाकडे असते. भौगोलिक निर्देशांक, आपण जीआय म्हणतो तो.

२०१६ मध्ये जळगावची केळी आणि जळगावचं भरीत वांगं या दोघांना जीआय मिळाला. वांग्याचं बघा. बामणोद, आसोदा, भादलीकडचं ते मोठं, फिकट हिरवं, पांढरट रेघांचं, कमी बियांचं वांगं. ते कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, सालं काढून लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायचं, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून फोडणी, सोबत कळण्याची पुरी. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी नाही असं घर सापडणार नाही. आता पुण्या-मुंबईत ‘खान्देशी भरीत’ अशी पाटी लावून कुणी जांभळं वांगं गॅसवर भाजून मिक्सरमधून काढलं, तर जीआय त्याला अडवू शकत नाही. जीआय वांग्याला आहे, भरताला नाही. पाककृतीला कुणी मालक नाही, आणि नसावाही. माझा जीव तुटतो तो त्या चवीसाठी, हक्कासाठी नाही. पण ‘जळगाव भरीत वांगी’ असं लिहून कुणी भलतंच वांगं विकलं, तर ते बेकायदा आहे.

केळीचं कोडं याहून अवघड आहे. रावेरच्या शिवेपलीकडे मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर. तीच तापी, तसाच उन्हाळा, तेच जी-९. तिथला शेतकरी काही लबाड नाही, त्याची केळीही उत्तम असते. वाणच नक्कल असेल तर ‘जळगावची’ म्हणजे काय, असं कुणी विचारेल. उत्तर असं, की जीआय वाणाला नसतो. ठरलेल्या हद्दीतल्या माती-पाण्यात, ठरलेल्या पद्धतीने पिकलेल्या मालाच्या नावाला असतो. शिवाय मुलखाला जीआय मिळाला म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला ते चिन्ह लगेच वापरता येत नाही. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. आपल्याकडे बरेच जण नेमकं इथेच थांबतात. २०२१ च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून २० टन जीआय केळी दुबईला गेली, ती चिन्हासह. पण दिल्लीच्या मंडईत जाणारा घड नवती (नव्या लागवडीचा), पिलबाग (पिलांपासून आलेल्या पिकाचा), वापसी (कमी प्रतीचा) अशा भावाने ट्रकमध्ये भरला जातो. तिथे डझनाने घेणारा गिऱ्हाईक ‘कुठली?’ असं विचारतही नाही. जिथे कुणी नावच विचारत नाही, तिथे नाव राखणारं कुलूप नुसतं लटकत राहतं. त्यासाठी खोक्यावर, फण्यांवर चिन्ह लावून माल जायला हवा आणि ते काम एकटा शेतकरी करू शकत नाही. उत्पादक कंपन्यांनी ते अंगावर घ्यायला हवं.

संस्कृतीत तर नकलेशिवाय पानच हलत नाही. जात्यावरची ओवी घ्या. ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात कुणा एकीची नाही. आजीची चाल आईने उचलली, सासरी आलेल्या लेकीने त्यात आपल्या माहेराची नदी घातली, भाऊ घातला. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) याच चालीतून आल्या. सगळ्यांचा साचा घेऊन त्यात कुणाचंच नसलेलं बोलल्या, लेवा गणबोलीत. मुलाने, सोपानदेवांनी, ते टिपलं म्हणून उरलं. पद्धतीच्या नकलेतून अस्सल कसं जन्मतं याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. आणि आज त्यांच्या शैलीत कुणी चार ओळी रचून स्वतःच्या नावाने म्हटल्या तर ते त्यांचं ऋणच आहे. पण कुणाच्याही यमकी ओळींखाली ‘बहिणाबाई’ असं टाकून त्या व्हॉट्सअॅपवर सोडणं म्हणजे बियाण्याच्या पाकिटावर दुसऱ्याचं लेबल लावणंच.

अहिराणी गाण्यांचं सध्या असंच चाललंय. एखादं गाणं यूट्यूबवर गाजलं, हळदीत, वरातीत वाजलं, की महिनाभरात त्याच ठेक्याची, त्याच धाटणीच्या मुखड्याची गाणी येतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या गर्दीतून अहिराणीत शब्द जुळवणारी, वाजवणारी, कॅमेरा धरणारी पोरं तयार झाली आणि धुळ्या-नंदुरबारच्या पोरांना आपली भाषा मोबाईलवर ऐकायला मिळाली. घोर आहे तो दुसरा. खान्देशात श्रावणात घरोघरी बसवतात त्या कानबाई देवीच्या गाण्याची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल कुणीतरी रेकॉर्ड करतं, ते रेकॉर्डिंग एखाद्या म्युझिक लेबलकडे जातं, लेबल ते यूट्यूबच्या कंटेंट आयडी या सारखी गाणी आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेत टाकतं. मग दुसऱ्या गावच्या बायांनी तीच चाल स्वतः गाऊन टाकली आणि यंत्राला साधर्म्य वाटलं तर दावा लागू शकतो, कमाई लेबलकडे वळू शकते. कायद्याने त्या लेबलचा हक्क फक्त त्याच्या रेकॉर्डिंगवर आणि त्यात नव्याने घातलेल्या संगीतावर आहे. पारंपरिक चाल सगळ्यांची आहे. दाव्यावर आक्षेप घ्यायची सोय यूट्यूबवर आहे आणि तो नोंदवला की दावेदाराने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर दावा सुटतो. मात्र चाल पारंपरिक आहे हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी गाणं टाकताना खाली लिहावं: चाल पारंपरिक, अमक्या गावच्या अमक्या आजींकडून ऐकलेली, शब्द अमक्याचे, वाजवणारे अमके. आजींचं जुनं रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये असेल तर ते तारखेसकट जपून ठेवावं. आणि नसेल, तर येत्या श्रावणात कानबाई बसवायच्या आधी ते करून घ्यावं.